दहावीच्या निरोपाची शेलापागोटी : कोल्हापूर, १९९४

शुक्रवारपेठ :

पेढ्याचा एक किलोचा खोका आहे. आत आमच्या वर्गाच्या निरोप समारंभातली शेलापागोटी आहेत, म्हणजे एकमेकांवर निनावी लिहिलेल्या आणि समारंभात वाचून दाखवायच्या चिमटे काढणाऱ्या चिठ्ठ्या, फेब्रुवारी १९९४ च्या. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा माहेरच्या तळमजल्यात शिरली तेव्हा हा खोका लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होता. पाणी ओसरल्यावर आईनं आधी तांदळाचा डबा बघितला, वडिलांनी घराची कागदपत्रं, आणि मी हा खोका. निम्म्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. उरलेल्या एकेक करून सोडवल्या, जुन्या सुती साडीवर वाळत घातल्या आणि वरून साडीचाच पदर टाकून हलकी इस्त्री फिरवली. बॉलपेननं लिहिलेलं जसंच्या तसं राहिलंय, पेन्सिलीचंही राहिलंय. शाईपेननं लिहिलेलं मात्र गेलं. कागदावर नुसता निळा ढग.

वर्गातली बरीच मंडळी कुठल्याच ग्रुपवर नाहीत, पण इथं वाचायला येणारी दोघं-तिघं तरी आहेत हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून इथं मांडतेय. शाळेचं नाव लिहीत नाही आणि कुणाचंच खरं नाव लिहिणार नाही. ओळखणारे ओळखतील. दुसऱ्या शाळांच्या, दुसऱ्या सालच्या लोकांनीही आपापली शेलापागोटी इथं टाकावीत, फार बरं वाटेल.

काही शाळांत याला फिशपाँड म्हणायचे. आमच्या मराठीच्या बाईंना तो शब्द खपायचा नाही. त्या म्हणायच्या, शेला आणि पागोटं हा मानाचा पोशाख. तेव्हा चिमटा काढायचा तोही सत्कार केल्यासारखा काढा. वाचनालयाच्या टेबलावर आठ दिवस पुठ्ठ्याची पेटी ठेवलेली असायची, वर फट पाडलेली. चिठ्ठीवर ज्याच्यावर लिहिलंय त्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाही. आठ दिवसांनी बाईंनी मला आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला चिठ्ठ्या निवडायला बसवलं. दोन संध्याकाळी आम्ही प्रयोगशाळेत बसलो होतो. किरणोत्सवाचे दिवस होते, मावळतीचं ऊन देवळात थेट देवीच्या मूर्तीवर येतं ते. दुसऱ्या संध्याकाळी बाई मधेच उठून अंबाबाईला जाऊन आल्या, आणि आल्या आल्या आमचा ढीग पुन्हा पहिल्यापासून तपासला.

आता चिठ्ठ्या. ज्यांच्यावर होत्या ती माणसं कशी होती हे सांगितल्याशिवाय त्या वाचण्यात मजा नाही, म्हणून तेही लिहिते.

पहिला आमचा फॉरवर्ड. फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात नुसता खेळ नाही, कुठल्या पेठेत आणि कुठल्या तालमीच्या सावलीत जन्मलास त्यावर तुझा संघ ठरतो. वर्गात पाटाकडीलवाले खिडकीच्या बाजूला आणि दिलबहारवाले दाराच्या बाजूला बसायचे, मधली रांग बाकीच्यांची. हंगाम नेमका दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. हा पोरगा शाहू स्टेडियमवर मॅच बघून दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला घेऊन यायचा, आणि हजेरीला 'हजर' ऐवजी हात वर करायचा. पायात काही आलं की थांबायचा नाही. खडूचा तुकडा, डस्टर, एकदा तर शिपाईमामांची रिकामी बादली. त्याच्यावरची चिठ्ठी :

पायात येईल त्याचा गोल,
गणितात पडेल तोही गोल.

वाचल्यावर तो स्वतःच बाकावर उभा राहिला आणि गोल केल्यावर करतात तसे दोन्ही हात वर केले.

दुसरा पैलवान. पहाटे चारला उठून तालमीत, तिथून गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, आणि तिसऱ्या तासाला भूगोलात गाढ झोप. कान मोडलेले, मान दिसायचीच नाही, आणि आवाज मात्र इतका मऊ की मागच्या बाकावर ऐकू यायचा नाही. कुणाला कधी 'अरे' म्हणून हाक मारली नाही, वर्गातल्या पोरांनाही 'ओ' म्हणायचा. एवढा धिप्पाड गडी, पण प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाल दिसली की संपला.

आखाड्यात ढाक, पट, धोबीपछाड;
भिंतीवर पाल दिसली की बाकाआड.

तिसरी आठवीत पुण्याहून बदलून आलेली मुलगी. पहिल्या दिवशी डबा खाताना मी तिला म्हटलं, 'मी जेवलो, तू जेवलीस काय?' ती माझ्याकडे बघतच राहिली. कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो, मी बसतो' म्हणतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षांनी तीच जिन्यावरून ओरडत होती, 'थांब की गं, मी पण येतो!'

आली तेव्हा 'मी जाते' होतं, आता म्हणते 'चल, जातो';
पुण्याचं साधं वरण इथं तांबडा रस्सा होतो.

एक मुलगी शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहायची. आमची घंटा वाजली की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांना कंप सुटायचा, आणि हिची वेणी तेव्हा निम्मी झालेली असायची. तिच्यावर लिहिलं होतं :

गगनबावड्याची एसटी पोचते वेळेवर;
भिंतीपलीकडचं घर मात्र मैलभर.

आणि ही गगनबावड्याची एसटी म्हणजे आमचा बोर्डिंगवाला. दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहायचा. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी करायला हात दिला, त्यातलंच एक. शनिवारी शाळा सुटली की गगनबावड्याकडच्या आपल्या गावाला जायचा आणि सोमवारी पहिल्या एसटीनं थेट शाळेत. गुऱ्हाळं सुरू असली की पिशवीत काकवीची बाटली असायची, बुचाला कापड गुंडाळलेलं. मधल्या सुट्टीत वर्गातल्या सगळ्यांच्या चपातीवर, भाकरीवर थोडी थोडी ओतायचा. बोलायचा मात्र नाही. अख्ख्या दहावीत मी त्याची फार तर वीस वाक्यं ऐकली असतील.

मला वाटलं होतं त्याच्यावर कुणी लिहिणारच नाही. मी मनात तयारी ठेवली होती की एकही चिठ्ठी निघाली नाही तर मीच एक लिहून ढिगात सरकवीन. मोजल्या तर सगळ्यात जास्त त्याच्याच निघाल्या. चौदा. आणि प्रत्येकीत वेगळं काहीतरी. एकानं लिहिलं होतं, हा पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढतो. एकीनं, भाकरी गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा हा आधी वाचतो आणि मग भाकरी खातो. एकानं, याच्या कंपासपेटीला गुळाचा वास येतो म्हणून मुंग्यांना भूमिती येते. बोलत नव्हता तो, पण सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

नियम असा की एकावर एकच वाचायची. चौदांतली एक निवडायला आम्हाला अर्धा तास लागला. निवडली ती शाईपेननं लिहिलेली होती. आता ती अशी दिसते :

सोमवारच्या एसटीनं येते काकवीची बाटली;
...... कुलपात ............

पहिली ओळ घडीच्या आत होती म्हणून वाचली. दुसऱ्या ओळीतला 'कुलपात' एवढा शब्द उरलाय. मी निवडली, मी बाईंच्या हातात दिली, आणि मला ती ओळ आठवत नाही. सहा वर्षं डोकं खाजवतेय. कुणाला आठवतेय का?

*

खासबाग :

मस्त धागा. मी तुमच्या वर्गात नव्हतो, दुसऱ्या शाळेत, पण एक वर्ष मागे. तुमचा पैलवान मला ओळखू आला. आम्ही एकाच तालमीत. पालीचं खरं आहे. तालमीतही हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायच्या आधी तो वर आढ्याकडे बघून घ्यायचा. वस्तादांना वाटायचं पोरगं देवाचं नाव घेतंय.

अजून एक सांगतो. खासबागेत त्याची लहान गटातली कुस्ती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान. उतारावर कुठंही बसा, मधला आखाडा सरळ दिसतो. समोरच्या पोराला यानं पटात घेऊन चितपट केला आणि उठल्या उठल्या त्याला विचारलं, 'लागलं काय ओ?' लोकांनी शिट्ट्या मारल्या. बक्षिसाचा नारळ मिळाला, तो याने त्या पोरालाच दिला.

*

वरण_ते_रस्सा :

अगं ए!! मीच ती. कार्यालयात बसून वाचालोय आणि डोळे पुसालोय. बघ, अजून तसंच लिहितो.

ती ओळ मला पाठ आहे. त्या उन्हाळ्यात पुण्याला आजीकडे गेले आणि मावसबहिणींसमोर पटकन 'मी आंघोळ करून येतो' म्हणून गेले. त्या हसून हसून लोळल्या. मला राग नाही आला. मी त्यांना ही चिठ्ठी म्हणून दाखवली. आपण दोन गावांच्या आहोत असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि ते फार आवडलं.

आता तू सगळ्यांची चित्रं काढलीस, तुझं कोण काढणार? तुझी चिठ्ठी बाईंनी पेटीतून आधीच काढून स्वतःकडे ठेवली होती, तुला दिसू नये म्हणून. मला पाठ आहे :

मराठीच्या बाई रजेवर, तरी वर्गात हजर बाई;
वेलांटी चुकली कुणाची तर हिला झोप नाही.

ही पोरगी फळ्यावरच्या सुविचारातलं शुद्धलेखन मधल्या सुट्टीत जाऊन दुरुस्त करायची, सगळ्यांनो. मुख्याध्यापकांनी स्वतः लिहिलेलासुद्धा. आणि दुरुस्त करून झाल्यावर बोटाला लागलेला खडू माझ्या बाहीला पुसायची.

'कुलपात'बद्दल : बोर्डिंगातली त्याची पत्र्याची ट्रंक असेल का? तिला एवढं मोठं कुलूप होतं म्हणे. 'ट्रंक ठेवतो कुलपात' असं काहीतरी?

*

शुक्रवारपेठ :

तू सापडलीस! बाकी सगळं राहू दे, आधी फोन नंबर मेसेजमधून पाठव.

ट्रंक नसावी. घरच्या परिस्थितीवरची चिठ्ठी आम्ही घेतली नसती आणि पत्र्याची ट्रंक म्हटलं की ते तिकडे जातं. बाईंनी ती नक्की बाजूला काढली असती.

*

जुनी_अकरावी :

मी १९७२ चा, म्हणजे जुनी अकरावी मॅट्रिक. दहावीचा बोर्ड त्यानंतर आला. आमच्या वेळी मुलींची रांग एकच, आणि त्यांच्यावर चिठ्ठी लिहायची कुणाची छाती नव्हती. मुलांवर मात्र भरपूर.

आमच्या वर्गातला एकजण जयप्रभा स्टुडिओत गर्दीच्या प्रसंगात उभा राहायला जायचा. कोल्हापूरच्या सिनेमाचे ते दिवस. ऐतिहासिक चित्रपट असला की मावळे लागायचे, आणि मावळे गल्लीतूनच गोळा व्हायचे. रात्रपाळीचं चित्रीकरण झालं की हा सकाळी तसाच शाळेत. तोंड धुतलेलं असायचं, पण ओठावर मिशीचा डिंक राहिलेला, आणि त्याला एखाद-दुसरा काळा केस चिकटलेला. गणिताचे सर जवळ आले की हात तोंडावर. सर म्हणायचे, काय रे, दात दुखतो काय? तो मान हलवायचा. वर्षभरात त्याचा दात असा पंधरा वेळा तरी दुखला असेल. त्याच्यावर होतं :

रात्री गडावर मावळा,
सकाळी वर्गात बावळा.

तो पुढं बँकेत लागला आणि व्यवस्थापक होऊन निवृत्त झाला. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा खरी मिशी ठेवलेली, पांढरीशुभ्र. मी बोटानं ओढून बघितली. त्यानंही बघू दिली.

*

निशिगंध :

सगळ्यांचं वाचून छान वाटतंय, पण मला दुसरी बाजू सांगायची आहे. मीही कोल्हापूरची, १९९७, शाळा वेगळी. माझ्यावरची चिठ्ठी माझ्या रंगावर होती. ती मी इथं लिहिणार नाही. सभागृह हसलं, मंचावरचेही हसले. निकालानंतर दाखला आणायला मी गेले नाही, वडील गेले. आता बऱ्याच शाळांनी हा प्रकार बंद केला आहे आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. शब्द लागतो. सोळाव्या वर्षी तर फार लागतो.

*

शुक्रवारपेठ :

निशिगंध, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या बाबतीत जे झालं ते साफ चूक होतं.

आम्ही प्रयोगशाळेत काय करत होतो ते मी वर नीट सांगितलं नाही, ते आता सांगते. बाईंनी तीन ढीग करायला सांगितले होते. वाचायच्या, शंकेच्या आणि जाळायच्या. जात नाही, रंग नाही, घरची परिस्थिती नाही, बोलण्यातलं अडखळणं नाही, नापास होणं नाही. त्यांचं वाक्य मला अजून तसंच ऐकू येतं : 'माणूस जे करतो त्याच्यावर लिहा, जे त्याच्या वाट्याला आलं त्याच्यावर नाही.' पाल बघून पळणं हे पैलवानाचं. उशिरा येणं हे त्या भिंतीपलीकडचीचं. रंग तुमचं कर्तृत्व नव्हे आणि तुमची खोडही नव्हे.

फॉरवर्डचा गणितातला गोल नापास होण्यात मोडतो की काय म्हणून ती शंकेच्या ढिगात होती. बाईंनी त्याला बोलावून, दुसऱ्या कुणाची आहे असं भासवून, तशीच एक ओळ ऐकवली आणि त्याचं तोंड बघितलं. तो खळखळून हसला, तेव्हा घेतली.

जाळायच्या ढिगात चाळीस-एक चिठ्ठ्या जमल्या. त्यातली एक अशा अक्षरात होती जे मी झोपेतही ओळखलं असतं. माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीचं अक्षर, आणि वाईट लिहिलं होतं तिनं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. सगळ्या चिठ्ठ्या स्पिरीटच्या दिव्यावर एकेक धरून जाळल्या, चिमट्यात पकडून, पाण्याच्या तसराळ्यावर. आम्हाला म्हणाल्या, यातलं एक अक्षरही या खोलीबाहेर जायचं नाही. आजतागायत गेलेलं नाही.

म्हणून बंद करण्यापेक्षा निवडायला माणूस बसवावा, असं मला मनापासून वाटतं. निवडणं हे लिहिण्याहून अवघड काम आहे. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

*

निशिगंध :

आमच्याकडे पेटी थेट मंचावरच उघडली होती. सूत्रसंचालक मुलानं हात घालून काढली आणि वाचली. मध्ये कुणीच नव्हतं. तुमच्यासारख्या बाई असत्या तर, हा विचार मी आज पहिल्यांदा केला.

माझ्या मैत्रिणीनं नंतर घरी येऊन मला एक चिठ्ठी दिली होती, फक्त माझ्यासाठी. ती देते, कारण ती खरंच माझी होती :

रंकाळ्यावर भेळ खाताना हिचा एकच हट्ट :
'भैया, कांदा कमी, कैरी जास्त, आणि पुडी घट्ट.'

मी अजूनही असंच सांगते.

*

कळंबा_रोड :

वाचतोय. २००८ ची बॅच. आमच्या वेळी स्लॅमबुकं आली होती, रंगीत, कुलूपवाली. आवडता रंग, आवडता हिरो, आवडता पदार्थ. सगळ्यांनी सगळ्यांच्यात तेच लिहिलं. चाळीस पानं भरली पण आज वाचून एकही पोरगं डोळ्यांसमोर येत नाही. या धाग्यातल्या दोन ओळीत येतंय.

कुलपावरून आठवलं : 'काकवी ठेवतो कुलपात' असेल का? बोर्डिंगात पोरं रात्री बाटली पळवत असणार!

*

खासबाग :

बोर्डिंगात राहिलेला माणूस इथं मीही आहे, अकरावी-बारावीला. काकवी कुलपात राहत नाही भावा. वासावरून ट्रंक कुणाची ते कळतं. एकदा ती आली की त्याच रात्री संपते, शिळ्या भाकरीबरोबर.

*

वरण_ते_रस्सा :

मी कालपासून फोनाफोनी करालोय. भिंतीपलीकडची सापडली! आता बंगळुरात आहे. व्हिडिओ कॉल सकाळी दहाला ठरला होता, आली दहा वाजून पस्तीस मिनिटांनी, केस विंचरत. मी काही बोललो नाही, नुसती ती ओळ म्हटली. ती म्हणाली, 'मैलभर नाही गं, आता शेकडो मैल.' तिला बोर्डिंगवाल्याची दुसरी ओळ आठवत नाही. पण तिच्याकडे त्याचा नंबर आहे! त्याचा धाकटा भाऊ तिच्या नवऱ्याबरोबर काम करायचा.

तो गावीच आहे. शिक्षक झाला होता, आता शेती बघतो. ऊस आहेच.

*

शुक्रवारपेठ :

लाव फोन. मी करणार होते पण मला धीर होत नाहीये. तो शिक्षक झाला? दिवसभर बोलायचं काम?

*

वरण_ते_रस्सा :

लावला.

आधी ओळख पटवायला दोन मिनिटं गेली. मग मी म्हटलं, निरोप समारंभात तुझ्यावरची चिठ्ठी बाईंनी वाचली होती, आठवते का? गप्प. मला वाटलं फोन कटला. मग त्याच आवाजात, सावकाश, एका दमात म्हणाला :

सोमवारच्या एसटीनं येते काकवीची बाटली;
शब्द ठेवले कुलपात यानं, काकवी तेवढी वाटली.

शब्द कुलपात! ट्रंक नव्हे, काकवी नव्हे.

मी विचारलं, इतकी वर्षं पाठ कशी? म्हणाला, शिक्षकाच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्गात तोंड उघडेना. चाळीस पोरं समोर आणि घशाला कोरड. मग हीच ओळ फळ्यावर लिहिली आणि म्हटलं, हा मी. पोरं हसली. तिथून बोलायला लागला. पुढं दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गात पहिल्या तासाला हीच ओळ लिहायचा. आणि वर्षाच्या शेवटी पोरांकडून एकमेकांवर लिहून घ्यायचा. पेटी स्वतः निवडायचा, रात्री घरी बसून.

मग मला विचारलं, 'कुणी लिवली होती गं ती?' मला माहीत नाही म्हटलं.

*

जुनी_अकरावी :

वाचून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मला जमलं नाही, मग तिनं वाचलं.

*

शुक्रवारपेठ :

चिठ्ठी आता समोर घेऊन बसलेय. ओळ कळल्यावर त्या निळ्या डागात अक्षरं दिसायला लागलीत. 'शब्द'चा श आहे, त्याची गाठ आहे. 'वाटली'चा ट आहे. आधी कितीदा उजेडाला धरली तरी दिसत नव्हती.

कुणी लिहिली ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. अक्षर तिरकं, घाईचं, आणि 'ळ' नाहीच एकही त्यात, नाहीतर ओळखलं असतं. आमच्या वर्गात शाईपेन वापरणारे थोडेच होते, आणि त्यातला कुणी असं लिहीत नव्हता.

*

लेफ्ट_आऊट :

तीन दिवस वाचालोय, आज खातं काढलं. मी फॉरवर्ड. शिपाईमामांची बादली रिकामी नव्हती, अर्धी भरलेली होती, तेवढी दुरुस्ती कर, तुला वेलांटी चुकलेली चालत नाही ना.

ती चिठ्ठी माझी.

गणिताच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या बोर्डिंगात जाऊन बसायचो. तो न बोलता गणित सोडवून दाखवायचा, एक पायरी लिहायचा आणि माझ्याकडं बघायचा. समजलं की पुढची पायरी. नाही समजलं की तीच परत, मोठ्या अक्षरात. सहामाहीला गोल पडला होता, पूर्वपरीक्षेला पस्तीसला चिकटलो ते त्याच्यामुळं. तेव्हा त्याला काय म्हणायचं ते मला सुधरत नव्हतं. पेटीत टाकायचा शेवटचा दिवस, वाचनालयात उभा, आणि माझ्याकडं पेनच नाही. तो शेजारी वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी हात पुढं केला. त्यानं खिशातलं शाईपेन काढून दिलं, टोपण उघडून. त्याच्या समोरच उभं राहून लिहिली, हातानं झाकून.

नंबर मलाही पाठवा.